मुकाट रेडिओ, बोलके शहाणे

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, अ‍ॅलन या पट्ट्यात आता मराठी घरांची चांगलीच दाटी झाली आहे. घरं ऐसपैस, दारावरची घंटा वायफायवर, एसीशी फोनवरून गप्पा. याच घरांत टोर्नेडोची सूचना देणारा वेदर रेडिओ मात्र जिन्याखालच्या कपाटात पडलेला असतो, अँटेना मिटलेली, शेजारी राउटर. मग मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हेच लोक ऐकवतात, "अहो, काही कामाचा नाही तो, नुसती खरखर." नाचता येईना, अंगण वाकडं!

जिन्याखालचं कपाट वादळात माणसांनी बसायला आहे. टेक्सासात बहुतेक घरांना तळघर नसतं, तेव्हा खिडक्यांपासून दूर, घराच्या पोटातली जागा धरायची हे बरोबरच. पण त्याच जागी माणूस वाचतो आणि सिग्नल मरतो. त्यात आपली नवी घरं. उन्हावर उतारा म्हणून छताच्या फळ्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, काचांवर डोळ्यांना न दिसणारा धातूचा लेप. उष्णता अडवणारा धातू रेडिओलहरींना काय पायघड्या घालणार? विजेचं बिल किती वाचेल हे तोंडपाठ सांगणारा बिल्डरचा माणूस यावर अवाक्षर काढत नाही.

वेदर रेडिओच्या लहरींची लांबी सुमारे १.८५ मीटर. घरात त्या भिंतींवर, फ्रिजवर आपटून परततात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींचा जीव घेतात. म्हणून रेडिओ हातभर सरकवला की खरखर जाऊ शकते. तेवढे कष्ट घ्यायचे नाहीत, "पीस खराब निघाला" म्हणून दुकानात परत द्यायचा. वरच्या मजल्यावर खिडकीशी ठेवा, अँटेना पूर्ण उघडा आणि उभी ठेवा, कारण लहरी सहसा उभ्याच सोडलेल्या असतात. शोभेसाठी ती आडवी करणाऱ्यांनी फुलदाणी घ्यावी.

खरखर तरीही हटली नाही तर चोर घरातच शोधा. रेडिओ बॅटरीवर चालवा (त्यातल्या बॅटऱ्या फुटून हिरव्या झाल्या नसतील तर), आवाज मोठा करा आणि चार्जर, दिवे, राउटर एकेक करून बंद करत जा. एका स्नेह्यांकडे देव्हाऱ्यावरच्या एलईडी माळेचं बटण दाबताक्षणी खरखर थांबली. वहिनींचा चेहरा पडला. "देवापुढची माळ कशी काढायची हो?" म्हटलं, वहिनी, देव राहू द्या, रेडिओ हलवा. रेडिओ अजून तिथेच आहे.

पण खरखर करणाऱ्या रेडिओपेक्षा मला धास्ती वाटते ती खणखणीत वाजणाऱ्याची. "आमच्याकडे एकदम क्लिअर!" अहो, काय क्लिअर? देशभर सात फ्रिक्वेन्सी, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ. डॅलसचं केंद्र पहिल्या टोकाला, फोर्ट वर्थचं शेवटच्या. यंत्राला शोधायला सोडलं की ते सगळ्यात जोरकस केंद्र पकडून बसतं. आपल्या काउंटीचे इशारे त्या केंद्रावरून सुटतात का, हे कोण बघणार? शिवाय काउंटीचा सहा आकडी कोड भरावा लागतो. कॉलिनचा ०४८०८५, डेंटनचा ०४८१२१, आणि फ्रिस्को गाव या दोन्हींत वाटलेलं. घर डेंटनमध्ये आणि कोड कॉलिनचा, असे महाभाग मला ठाऊक आहेत. प्रॉपर्टी टॅक्स कुठल्या काउंटीत भरायचा हे बरं चुकत नाही!

इशाऱ्याआधी हा कोड कर्कश चिरचिराटात तीनदा पाठवला जातो. तो यंत्राला नीट वाचता आला तरच भोंगा वाजतो. माणसाचा कान खरखरीतूनही बोलणं समजून घेतो, यंत्र घेत नाही. आणि एरवी स्पीकर बंदच, त्यामुळे सिग्नल तुटलेला रेडिओ आणि धडधाकट रेडिओ सारखेच मुकाट. बनवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. सिग्नल किती येतोय हे दाखवणाऱ्या चार रेघा टुकार फोनवरही असतात. जीव वाचवण्याची भाषा करणाऱ्या कित्येक रेडिओंवर त्या नसतात.

"फोनवर येतंच की!" येतं, तो रात्री मुका करून उशाशी ठेवलेला नसेल आणि टॉवर उभा असेल तर. "सायरन आहेत ना?" ते घराबाहेरच्यांसाठी असतात. शिवाय एप्रिल २०१७ मध्ये डॅलसचे १५६ सायरन कुणाच्या तरी खोडसाळपणामुळे मध्यरात्रीच्या सुमारास, वादळाचा पत्ता नसताना, बोंबलत सुटले होते. टीव्ही? २० ऑक्टोबर २०१९ ची रविवार रात्र. उत्तर डॅलसमधून ईएफ-३ दर्जाचा टोर्नेडो जात होता आणि एक स्थानिक वाहिनी फुटबॉलचा सामना दाखवत बसली होती. नंतर तिने माफी मागितली.

रेडिओचा कस लागतो तो दर आठवड्याच्या चाचणीत. बहुतेक ठिकाणी ती बुधवारी दुपारी बाराच्या आत होते. हवा बिघडलेली असली तर पुढे ढकलतात. त्याच वेळी आपल्या ऑनलाइन मीटिंगा असतात, म्हणून चाचणीच बंद करून टाकायची ही आपली हुशारी. ती आधी चालू करा. लागोपाठ दोन बुधवार तो गप्प बसला तर मला फोन करून खरखरीचं रडगाणं गाऊ नका. टॅक्सचं बिल काढा आणि काउंटी वाचा.