मुंगूस : उसन्या नावाची जगयात्रा

उसाच्या फडालगत, विहिरीच्या काठावर किंवा पडक्या वाड्याच्या चौकात मुंगूस आडवे गेले, की पंढरपूर परिसरातील लहान मुले जागच्या जागी थबकतात. त्याने क्षणभर वळून तोंड दाखवावे म्हणून त्याची मनधरणी करतात, त्याला शपथा घालतात. मुंगसाचे तोंड दिसले की दिवस चांगला जातो, अशी जुनी समजूत आहे. हीच मुले शाळेच्या इंग्रजी पुस्तकात ‘मॉन्गूस’ हा शब्द वाचतात, त्याचे स्पेलिंग घोकतात. पण बांधावर दिसलेले मुंगूस आणि पुस्तकातील ‘मॉन्गूस’ यांचे नाव मुळात एकच आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

इंग्रजी कोशकारांनी या शब्दाची व्युत्पत्ती देताना मराठीकडे बोट दाखविले आहे. जगातील अनेक भाषांनी जसाच्या तसा उचललेल्या मोजक्या मराठी शब्दांपैकी हा एक होय. मात्र मराठीने जगाला दिलेले हे नाव मराठीचे स्वतःचे भांडवल नव्हे. तेही उसनवारीचेच आहे.

संस्कृतमध्ये या प्राण्याला ‘नकुल’ म्हणतात. प्राकृतात त्याचे ‘णउल’ झाले. त्याच वंशातून हिंदीचा ‘नेवला’ आणि गुजरातीचा ‘नोळियो’ आला. ज्या घरांत गुजराती बोलली जाते, तेथे आजीच्या तोंडी आजही ‘नोळियो’च असतो. संस्कृत-प्राकृताची कन्या असलेल्या मराठीने येथे मात्र वेगळी वाट धरली. कन्नडमध्ये ‘मुंगुसि’ आणि तेलुगूत ‘मुंगिस’ ही नावे पाहिली, की मराठी ‘मुंगूस’ कोणत्या घरचा, हे ध्यानात येते. भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः या शब्दाचे मूळ द्राविडीच मानतात.

पंढरपूरकरांना याचे नवल वाटू नये. भीमेचा हा काठ शतकानुशतके मराठी आणि कन्नड यांचा शेजार सांभाळत आला आहे. विठ्ठल मंदिरातील इ. स. १२३७ च्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वर याने देवाच्या नैवेद्यासाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. संतांनी तर विठ्ठलालाच ‘कानडा’ म्हटले. जवळच्या मंगळवेढ्याशी महात्मा बसवेश्वरांचे नाव जोडलेले आहे. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत आजही मराठीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगू ऐकू येते. जेथे माणसांची आणि मालाची देवघेव होते, तेथे शब्दांचीही होते. फरक एवढाच, की शब्द उसना दिल्याने देणाऱ्याची शिल्लक कमी होत नाही.

पुढील प्रवास समुद्रमार्गाचा आहे. पोर्तुगीज गोव्यात, चौलला आणि वसईला स्थिरावले तेव्हा त्यांच्या कानी या प्राण्याची निरनिराळी नावे पडली. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात ‘किर्पेले’ असे नाव येते. ते तमिळ ‘किरिप्पिळ्ळै’चे रूप होय. म्हणजे जगाच्या बाजारात प्रथम तमिळ नाव पोचले होते. पण टिकले ते मराठी. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात ‘मॉन्गूस’ इंग्रजी अक्षरांत उतरला. फ्रेंचमध्ये ‘मांगूस्त’, स्पॅनिशमध्ये ‘मांगोस्ता’, रशियनमध्ये ‘मांगूस्त’, जर्मनमध्ये ‘मुंगो’ आणि जपानीत ‘मांगूसु’ अशी त्याची बिऱ्हाडे झाली. १८९४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ निघाले. त्यातील रिक्की-टिक्की-टावी या शूर मुंगसाने हे नाव घरोघरी नेले.

इंग्रजीत या शब्दाच्या शेवटी ‘गूस’ म्हणजे हंसजातीच्या पक्ष्याचे स्पेलिंग येऊन बसले. वास्तविक पक्ष्याचा येथे काहीच संबंध नाही. कानाला परका वाटणारा शब्द ओळखीच्या साच्यात बसविण्याची ती सवय. त्यावरून इंग्रजीत एक विनोद रूढ आहे. एका व्यापाऱ्याला दोन मुंगसे मागवायची होती. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होते, मग ‘मॉन्गूस’चे काय करावे, या विवंचनेत त्याने दोन-तीन कागद फाडले. अखेर लिहिले : ‘कृपया एक मुंगूस पाठवावे. ता. क. : त्याच्यासोबत आणखी एक पाठवावे.’

शास्त्रज्ञांचाही घोटाळा कमी नाही. ‘मुंगोस’ हे शास्त्रीय नाव आज ज्या प्रजातीला आहे, ते पट्टेरी मुंगूस आफ्रिकेतील आहे. मादागास्करच्या एका लेमूरलाही १७६६ मध्ये लिनियसने ‘मोंगोझ’ हे नाव दिले. बांधावरचे आपले मुंगूस मात्र शास्त्राच्या वहीत निराळ्याच नावाने नोंदले गेले. नाव एकाचे, खाते दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

येथवर सारे गमतीचे आहे. परंतु नावामागोमाग प्राणीही उचलून नेण्यात आला, तेव्हा गंमत संपली. उसाच्या मळ्यांत उंदीर फार झाले म्हणून १८७२ मध्ये हिंदुस्थानातील नऊ मुंगसे जमैकात सोडण्यात आली. तेथील वंश १८८३ मध्ये हवाई बेटांवर नेला गेला. उंदीर मुख्यतः रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा, ही साधी गोष्ट हिशेबात धरली गेली नाही. मुंगसांनी पक्षी, त्यांची अंडी, सरडे जे मिळेल ते खाल्ले. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये विषारी सापांच्या बंदोबस्तासाठी सुमारे तीस मुंगसे सोडली गेली. २००० च्या सुमारास त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. तेथील दुर्मीळ ससे त्यांच्या भक्ष्यस्थानी पडू लागले. पुढे वर्षानुवर्षे सापळे लावून सप्टेंबर २०२४ मध्ये बेटावरील मुंगूस संपल्याचे सरकारने जाहीर केले. चूक आणणाऱ्यांची, प्राण गेले सशांचे आणि मुंगसांचेही.

भारतीय परंपरेने मुंगसाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले आहे. संस्कृत व्याकरणात कायमच्या वैराचे उदाहरण म्हणून ‘अहिनकुल’ हा समास शिकवतात. मराठीतही साप-मुंगसाचे वैर प्रसिद्ध आहे. तीर्थंकरांच्या समवसरणाचे वर्णन येते तेथे मात्र जन्मजात वैरी असलेले हेच जीव वैर विसरून शेजारी बसतात. श्वेतांबर परंपरेच्या मूर्तिशास्त्रात भगवान महावीरांच्या मातंग यक्षाच्या एका हाती नकुल सांगितला आहे. शिवाय संस्कृतमध्ये ‘नकुलक’ हा शब्द पैशाच्या थैलीसाठीही येतो. व्यापारी घरांना हा धागा खास आपला वाटावा.

आज या प्राण्याचा व्यापाराशी जो संबंध उरला आहे, तो मात्र लाजिरवाणा आहे. चित्रकलेच्या उत्तम ब्रशसाठी मुंगसाचे केस वापरले जातात आणि त्यासाठी मुंगसे मारली जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे मुंगूस संरक्षित प्राणी असून त्याच्या केसांचे ब्रश तयार करणे, साठविणे आणि विकणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशभर छापे घातले, ते याच मालासाठी. स्टेशनरीच्या दुकानातला एखादा ब्रश ‘मॉन्गूस हेअर’ म्हणून समोर आला, तर परक्या नावामुळे त्यामागचा जीव नजरेआड होतो. तेच ‘मुंगसाच्या केसांचा ब्रश’ असे मराठीत म्हटले, की गिऱ्हाईकाचा हात आखडतो आणि दुकानदाराचाही.

शब्दाचे मूळ शोधण्याचा व्यवहारी उपयोग असेल तर तो हाच. कन्नडकडून आलेले नाव मराठीने सांभाळले, जगाला दिले आणि ते इंग्रजी पोशाखात पुन्हा दारी आले. त्याला ओळखणे म्हणजे त्यामागच्या जीवाला ओळखणे. कृत्रिम धाग्यांचे ब्रश बाजारात सहज मिळतात आणि रंग तितक्याच चांगल्या रीतीने लावतात. मालाची यादी तपासताना दुकानदाराने, आणि मुलांची रंगपेटी भरताना आईवडिलांनी, ब्रशवरील बारीक अक्षरे एकदा वाचून घ्यावीत.