‘घाबरू नका’ म्हणण्याआधी
‘घाबरू नका, मोकळेपणाने बोला’ असे सांगून स्वतःचा कॅमेरा बंद ठेवणाऱ्या निवड समितीस आमचा प्रश्न आहे: उमेदवाराने मोकळे व्हावे ते कोणासमोर? २०२० च्या टाळेबंदीत पडद्यावरची मुलाखत रूढ झाली. खुर्ची, पाण्याचा पेला आणि ‘बसा’ हा शब्द मात्र हरपले. हिंजवडीचे आयटी पार्क आणि रिहे एकाच मुळशी तालुक्यात आहेत. पण रिह्यातून बोलणाऱ्याचा आवाज मध्येच तुटला, तर ते त्याचे अज्ञान ठरावे काय? परीक्षकांनी नावे सांगावीत, चेहरे दाखवावेत, संपर्क तुटल्यास लावायचा दूरध्वनी क्रमांक आधीच कळवावा. हे औदार्य नव्हे. न्याय्य परीक्षेची ती किमान अट आहे. अशा समित्यांवर आम्हीही बसलो आहोत. म्हणून हा आरोप प्रथम आमच्यावरच.