गायीच्या दुधात इन्सुलिन: मेसेज खरा, पण अर्धाच

सीताबर्डी (नागपूर) : मोरभवनला बसमधून उतरायचं, सीताबर्डीतल्या औषध दुकानातून महिन्याचं इन्सुलिन घ्यायचं, बर्फाच्या पिशवीत ठेवायचं आणि परतीची बस धरायची. खेड्यातल्या कितीतरी घरांचं हे ठरलेलं काम. त्यामुळे ‘आता गायच इन्सुलिन देणार’ असा मेसेज आला की आशा वाटतेच. दारात दोन गायी असल्या तर आणखी एक प्रश्न येतो, हे दूध काय भावानं जाईल?

मेसेज खोटा नाही. अमेरिका आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हा प्रयोग जाहीर केला. इन्सुलिन बनवणारं माणसाचं जीन त्यांनी गायीच्या 10 भ्रूणांत घातलं. त्यातून तशी एकच कालवड जन्मली. मोठी झाल्यावर ती रेतनाने गाभण राहिली नाही, मग हार्मोन देऊन दूध आणलं. तेही थोडंच, महिनाभर. पण त्या दुधात इन्सुलिन सापडलं, हे खरं.

लिटरमागे 1 ग्रॅम धरलं तरी ते सुमारे 28,800 युनिट होतात. रोज 40 युनिट घेणाऱ्याला जवळजवळ दोन वर्षं पुरतील एवढे. मेसेजमध्ये हेच गणित फिरतं. पुढचं कोणी सांगत नाही.

हे दूध पिऊन साखर उतरणार नाही. इन्सुलिन पोटात गेलं की डाळीतल्या प्रोटीनसारखं पचून जातं, म्हणून तर सुई घ्यावी लागते. म्हणजे दूध कारखान्यात न्यायचं, त्यातून इन्सुलिन वेगळं काढायचं, शुद्ध करायचं. फॅट-एसएनएफ पाहून दूध घेणाऱ्या गावच्या डेअरीचं हे काम नव्हे. अशी जनावरं बंदिस्त फार्मवरच राहतात. सापाच्या विषावरची लस हाफकिन घोड्यांच्या रक्तातून बनवते, पण त्यासाठी कोणा शेतकऱ्याच्या दारचा घोडा लागत नाही. तसंच हे.

अमेरिकेत 2009 मध्ये शेळीच्या दुधातून काढलेल्या औषधाला मंजुरी मिळाली होती. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं माणसाचं प्रोटीन त्यात होतं. एक शेळी वर्षाला 90 हजार रक्तदानांइतकं प्रोटीन देते, असा कंपनीचा दावा होता. तरी ते औषध पुढे बाजारात टिकलं नाही. आणि इन्सुलिनला तर 1982 पासूनच दुसरा रस्ता सापडलाय. पूर्वी ते डुकराच्या, गायीच्या स्वादुपिंडातून काढत, आता टाकीत वाढवलेल्या जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतात. टाकीला चारा लागत नाही, ती भाकडही जात नाही. गायीला या टाकीशी स्पर्धा करायची आहे.

2002 मध्ये बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी संपली असं वाटलं होतं. पुढे गुलाबी बोंडअळीने काय केलं ते विदर्भाला सांगायला नको, आणि बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. गायीत तर जीन घालण्याआधीच पेटंट कोणाचं हे विचारावं लागेल. आपल्याकडे अशा जनावराला 1989 च्या नियमांखाली केंद्राच्या समितीची परवानगी लागते. तेव्हा ‘इन्सुलिनवाली कालवड’ म्हणून कोणी बुकिंगचे पैसे मागत असेल तर तो सरळ फसवतोय.

गावातली अडचण वेगळीच आहे. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि उन्हाळ्यात लाईट तासन्‌तास जाते. बाटलीतलं इन्सुलिन गायीचं असो की टाकीतलं, फ्रिज बंद पडला की दोन्ही सारखंच खराब होणार. आरोग्य उपकेंद्रात फ्रिज आहे का, आणि लाईट गेल्यावर तो कशावर चालतो, हे ग्रामसभेत विचारता येतं.