सहा पेन्सांचं पुस्तक

दिवाळी अंकाचं सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे किंमत ठरवणं. मुद्रितं तिसऱ्यांदा वाचून झालेली असतात, जाहिरातींचे निम्मे पैसे यायचे असतात. मग कागद, छपाई, टपाल, विक्रेत्यांचं कमिशन असं सगळं मांडून जो आकडा येतो, तो बघून आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसतो. यंदाही तेच झालं. 'एवढ्या पैशांत माणूस अंक घेईल की अर्धा किलो चकली?' असं आमच्यातल्याच एकाने विचारलं. हसणं झालं, चहा झाला, पण उत्तर कोणी दिलं नाही. मला मात्र एकदम थॉमस पेन आठवला. पुस्तकाची किंमत आणि खाऊ या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात एकाच ठिकाणी, आणि तेही कोर्टात, एकत्र आल्या होत्या.

१८ डिसेंबर १७९२. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पेनवर राजद्रोही लेखनाचा खटला चालला. आरोपी हजर नव्हता. तीन महिन्यांपूर्वीच तो डोव्हरहून फ्रान्सला निघून गेला होता. सरकारच्या बाजूने ॲटर्नी जनरल बोलायला उभा राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'मानवाचे हक्क' या पुस्तकाचा पहिला भाग आला तेव्हा मी कानाडोळा केला. तो जाणत्या वाचकांच्या हाती जाईल आणि तेच त्याचा समाचार घेतील असं मला वाटलं. दुसऱ्या भागाच्या वेळी मात्र हद्द झाली. मिळेल त्या आकारात छापून तो ज्याच्या त्याच्या हातात कोंबला गेला. इतका, की पोरांच्या मिठाईच्या पुड्याही त्याच्या पानांत बांधून दिल्या.

सरकारी वकिलाने न मागता दिलेली ही कबुली मला फार आवडते. विचार महाग होता तोवर चालवून घेतला. स्वस्त झाला आणि त्याचा राजद्रोह झाला. पहिल्या भागाची किंमत होती तीन शिलिंग. पुढे सहा पेन्सांची आवृत्ती निघाली, म्हणजे सहापट स्वस्त. पेन स्वतः अबकारी खात्यात वर्षाला ५० पौंडांवर राबलेला माणूस. दिवसाला पावणेतीन शिलिंगही पडत नसत. म्हणजे आपल्याच पुस्तकाचा पहिला भाग विकत घ्यायला त्या जुन्या पेनला पूर्ण दिवसाचा पगार पुरला नसता. सहा पेन्सांचं गणित कुठून आलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

बचावाचा वकील टॉमस अर्स्किन तीन तासांहून जास्त वेळ बोलला. ज्यूरीने सरकारी वकिलाचं उत्तरही ऐकायची तसदी घेतली नाही. पेन दोषी ठरला. बाहेर जमलेल्या गर्दीने अर्स्किनच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत त्याला घरी नेलं. त्याच हिवाळ्यात इंग्लंडच्या गावोगावी पेनचे पुतळेही जाळले जात होते.

पेन हे नाव शाळेत पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेखकाचं आडनावच पेन कसं, याचंच कौतुक वाटलं होतं. माणूस खरा सुई-दोऱ्याचा. इंग्लंडातल्या थेटफर्ड गावी १७३७ मध्ये जन्मला. वडील क्वेकर पंथाचे, धंदा कॉर्सेट शिवण्याचा. बायकांचं अंग आवळून धरणाऱ्या, आत देवमाशाच्या पट्ट्या घातलेल्या त्या चोळ्या. मुलगाही तेच शिकला, मग जहाजावर गेला, परत आला, पहिली बायको लवकर वारली. अबकारी खात्यात लागला, तर माल न तपासताच तपासल्याची नोंद केली म्हणून १७६५ मध्ये काढून टाकला. पुन्हा घेतला, पुन्हा १७७४ मध्ये काढला. मधल्या काळात खात्यातल्या लोकांचा पगार वाढवा म्हणून त्याने एक अर्ज-पुस्तिका लिहिली. कुणी ऐकलं नाही. दुसरं लग्न मोडलं, तंबाखूचं दुकान बुडालं. सदतीस वर्षांच्या या माणसाच्या खिशात उरलं ते बेंजामिन फ्रँकलिनचं एक शिफारसपत्र. ते घेऊन तो बोटीत बसला आणि ३० नोव्हेंबर १७७४ ला तापाने फणफणलेल्या अवस्थेत फिलाडेल्फियाला उतरवला गेला. चालत उतरण्याचं त्राण नव्हतं.

तिथे त्याला काम मिळालं ते संपादकाचं. 'पेन्सिल्व्हेनिया मॅगझिन' नावाचं मासिक. (आमच्या जातीचा माणूस निघाला, याचा आनंद लपवत नाही.) आणि संपादक झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच त्याच्या मासिकात जो लेख आला, तो रॉबर्ट क्लाइव्हवर. क्लाइव्ह २२ नोव्हेंबर १७७४ ला लंडनमध्ये मेला. पेन बंदराला लागला त्याच्या आठच दिवस आधी. प्लासीचा विजेता, बंगालच्या लुटीवर श्रीमंत झालेला नवाबी थाटाचा इंग्रज, शेवटी आपल्याच संपत्तीच्या ओझ्याखाली कसा पिचला, असं त्या लेखाचं चित्र आहे. अमेरिकेतल्या इंग्रजांना इंग्रजी राज्य म्हणजे काय ते दाखवायला त्याने हिंदुस्थानचा आरसा धरला. आपल्याकडे अमेरिकन क्रांतीची गोष्ट सांगताना चहाच्या पेट्या बंदरात बुडवल्या हे सांगतात. तो चहा कोणत्या कंपनीचा होता आणि ती कंपनी तेव्हा बंगालात काय करत होती, हे सांगायचं राहून जातं. पेनला ते सुचलं होतं.

जानेवारी १७७६ मध्ये त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका आली. पन्नासेक पानांची. खपाचे मोठमोठे आकडे सांगितले जातात, काही खुद्द पेननेच सांगितले. संपादकाने सांगितलेला खप अर्धा धरावा, हा नियम तेव्हाही लागू असणार. पण वसाहतींमध्ये ती घरोघर, खाणावळीत, छावणीत मोठ्याने वाचली गेली यात शंका नाही. राजाशी भांडण करावरून नाही, मुळात राजा हवाच कशाला, असा तिचा रोख. ग्रीक-लॅटिन वचनांची पेरणी नाही. बायबल, शेत, घर, व्यापार एवढीच सामग्री. आपल्या हिश्श्याचा नफा त्याने क्वेबेकच्या थंडीत लढायला जाणाऱ्या सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला. युद्धाची पुढची कथा सर्वश्रुत आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.

मला त्याच्या आयुष्यातला खरा रस पुढे वाटतो. १७९० मध्ये एडमंड बर्कने फ्रेंच क्रांतीवर कडाडून टीका करणारा ग्रंथ लिहिला. बर्कला खलनायक करायचा मोह आपण टाळावा. हाच माणूस त्या वर्षांत वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवत होता, कंपनीच्या अत्याचारांवर दिवसचे दिवस बोलत होता, आणि पेन त्याच्या घरी पाहुणचारही घेऊन आला होता. पण बर्कचं म्हणणं असं की राज्यव्यवस्था ही वाडवडिलांनी सोपवलेली ठेव आहे. १६८८ मध्ये पार्लमेंटने राजघराण्याला जो शब्द दिला, तो पुढच्या पिढ्यांवरही बंधनकारक आहे. पेनला नेमकं हेच झोंबलं. गेलेल्या माणसांना जिवंतांवर राज्य करायचा अधिकार दिला कुणी? प्रत्येक पिढी स्वतःपुरता कारभार ठरवायला मोकळी. राज्यघटना ही सरकारने लोकांना दिलेली देणगी नसून लोकांनी सरकार उभं करण्याआधी केलेला ठराव आहे. 'मानवाचे हक्क' हे त्या वादाचं पुस्तक. पहिला भाग १७९१ चा, दुसरा १७९२ चा.

दुसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण मात्र भल्याभल्यांच्या वाचनातून सुटतं, कारण तिथे आकडेच आकडे आहेत. जुना अबकारी कारकून तिथे जागा होतो. देशाचा कर किती जमतो, फौज आणि दरबार किती खातात, ते कमी केलं तर किती उरतं, याचा ताळेबंद तो मांडतो. आणि उरलेल्यातून काय? गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला चार पौंड, आणि त्या बदल्यात आईबापांनी त्याला शाळेत घालायचं. पन्नाशी ओलांडलेल्या गरजूला वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा. १७९७ च्या 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस'मध्ये तो आणखी पुढे गेला. जमीन मुळात सगळ्यांची. कसणाऱ्याने तिच्यात घातलेली भर तेवढी त्याची. म्हणून वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेतून एक निधी काढा, आणि एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पौंड द्या, पन्नाशीनंतर दरसाल दहा. हे दान नाही, हक्क आहे, हे त्याने बजावून सांगितलं. निवडणुकीच्या तोंडावर खात्यात जमा होणाऱ्या रकमांबद्दल आपण घराघरांत हिरिरीने बोलतो, तेव्हा हा दान-हक्काचा फरक कुणीच काढत नाही; ना देणारे, ना नावं ठेवणारे.

फ्रान्समध्ये त्याचं स्वागत झालं, कॅलेच्या बाजूने तो तिथल्या राष्ट्रीय सभेवर निवडूनही आला. फ्रेंच येत नव्हतं, भाषणं दुभाष्याकरवी. आणि आयुष्यभर राजेशाहीला विरोध केलेला हा माणूस जानेवारी १७९३ मध्ये उभा राहिला तो राजाचा जीव वाचवायला. राजेपण संपवा, माणूस मारू नका, त्याला अमेरिकेला पाठवा. सभेतल्याच जहाल मारा याने मध्येच ओरडून अडथळा आणला. वर्षअखेरीस पेन स्वतः पॅरिसमधल्या लक्झेम्बर्ग तुरुंगात. गिलोटिनला न्यायच्या कैद्यांच्या दारावर खडूने खूण करत; त्याच्या खोलीचं दार बाहेर उघडून भिंतीला टेकलं होतं, खूण आतल्या बाजूवर पडली, रात्री दार लागलं आणि खूण आत गेली, अशी त्याने स्वतः सांगितलेली हकिकत आहे. दहा महिन्यांनी, नोव्हेंबर १७९४ मध्ये, अमेरिकेचा नवा राजदूत मन्‍रो याने त्याला सोडवलं.

अटकेच्या वाटेवर त्याने एका मित्राच्या हाती जे बाड दिलं, ते 'एज ऑफ रीझन'चं. एक ईश्वर आहे, सृष्टी हाच त्याचा ग्रंथ, मध्ये पुरोहित नको, असं सांगणारं हे पुस्तक. फ्रान्समध्ये नास्तिकता बोकाळू नये म्हणून लिहिलं, आणि त्यापायीच तो जन्माचा नास्तिक ठरला. १८०२ मध्ये अमेरिकेला परतला तेव्हा जुने दोस्त रस्ता बदलू लागले. ज्या देशासाठी लिहिलं, तिथे न्यू रोशेलला १८०६ मध्ये नागरिक नाही म्हणून त्याला मतदान करू दिलं नाही. ८ जून १८०९ ला गेला. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली, शेतात पुरला. मोजकी माणसं होती.

यानंतर अडतीस वर्षांनी, १८४७ मध्ये, पेशवाई संपून तीस वर्षंही न झालेल्या पुण्यात एका वीस वर्षांच्या तरुणाने आपल्या मित्राबरोबर 'मानवाचे हक्क' वाचलं. मिशनरी शाळेत इंग्रजी शिकलेले जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे. ज्या पुस्तकाबद्दल इंग्रजी कोर्टाने लेखकाला दोषी ठरवलं, ते इंग्रजांच्याच राज्यात पुण्याला पोचलं. पुढच्या वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुस्तक वाचलं म्हणून शाळा निघाली, असं सरळसोट समीकरण मी मांडत नाही; जोतीरावांना जे दिसत होतं ते रस्त्यावर, विहिरीवर, लग्नाच्या वरातीत दिसत होतं. पण मेलेल्यांच्या हुकमाने जिवंतांनी का वागायचं, हा प्रश्न पुण्यातल्या कुणाला समजावून सांगावा लागला नसता. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये आली तेव्हा तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना होती. जोतीरावांचा निर्मिक, म्हणजे निर्माता, आणि त्याच्या-माणसाच्या मध्ये दलाल नको, ही मांडणी पेनशी किती मिळतीजुळती आहे, ते वाचणाऱ्याला सहज कळतं.

मला मात्र दुसरंच साम्य जास्त जवळचं वाटतं. पेनच्या पुस्तकाचा धसका घेऊन जॉर्ज चामर्स नावाच्या सरकारी नोकराने टोपणनावाने त्याचं चरित्र लिहिलं, आणि त्यात विचारांबरोबर व्याकरणाच्या चुकाही वेचून दाखवल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांची काढलेली टर आठवते? तीही बरीचशी व्याकरणाचीच. चूक विचारात सापडत नसली की ती काना-मात्रेत शोधायची, ही समीक्षा दोन्ही देशांत सारखी. जोतीरावांनी पोवाडे लिहिले, अखंड रचले, शेतकऱ्याच्या तोंडची भाषा कागदावर आणली. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता यावं म्हणून. आणि १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं आलं, तेव्हा पत्र पाठवून नकार कळवला.

पेनच्या हाडांची शेवटची गोष्ट विचित्र आहे. एकेकाळी त्याला शिव्या देणारा विल्यम कॉबेट पुढे त्याचा भक्त झाला, १८१९ मध्ये अमेरिकेत असताना त्याने ती उकरली आणि भव्य स्मारक बांधायला इंग्लंडला आणली. स्मारकाला पैसे जमले नाहीत. कॉबेट गेला आणि हाडं कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. पेनच्या मरणाला बरोबर शंभर वर्षं झाली, त्या १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. संपादकांना असे योगायोग सापडत राहतात, एवढंच.

तर किंमत. बरीच काटछाट करून, दोन रंगीत पानं गाळून, आम्ही ती ठरवली, मुखपृष्ठावर आहे. सहा पेन्स काही जमले नाहीत. वाचून झाल्यावर अंक शेजारी द्या, गावाकडे न्या, वाचनालयात ठेवा. आणि पाडव्याला घरी आलेल्या पोरांच्या हाती चिवड्याची पुडी बांधून द्यायला कागद कमी पडलाच, तर कथा-कवितांना हात लावू नका. हेच पान फाडा.