संस्थेच्या संगणकातील जोखीम व तिची निगा

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेस चैत्र पौर्णिमेस प्रारंभ होतो. त्या सुमारास आपल्या डहाणू-तलासरी भागात मागील हंगामाचे हिशेब मिटवून खरिपाच्या कर्जाची बोलणी चालू असतात. सभासदाचा सारा भरवसा संस्थेच्या वहीवर. आणि ती वही आता संगणकात जात आहे. केंद्र सरकारने २०२२ साली देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हा उपक्रम स्वागतार्ह होय. परंतु यंत्र आले म्हणजे जोखीम गेली, हा समज घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिकूची बी पोखरणारी अळी आपल्या बागाईतदारांस नवी नाही. ती कोवळ्या फळात शिरते. वरून फळ निर्दोष दिसते. ती बाहेर पडते तेव्हाच छिद्र दृष्टीस पडते. मग त्या फळावर फवारणी व्यर्थ. जाणता माणूस पडलेली फळे वेचून नष्ट करतो, म्हणजे पुढील पिढीस आळा बसतो. संगणकातील जोखमीचेही असेच आहे. तिला जन्म, वाढ व शेवट आहे. आणि प्रत्येक अवस्थेचा उपाय निराळा आहे.

उदाहरणे दूरची नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरट्यांनी संगणकाच्या मार्गाने सुमारे ९४ कोटी रुपये नेले. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला व सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार खोळंबले. त्या बँकांच्या स्वतःच्या कचेरीत काही बिघडले नव्हते. रोग बांधापलीकडचा होता.

मग संस्थेने काय करावे? एक साधी जोखीमवही ठेवावी. तीत प्रत्येक जोखीम, ती आढळल्याची तारीख, संभाव्य हानी, उपाय व जबाबदार पंचाचे नाव लिहावे. परवलीचा शब्द एकट्या सचिवासच ठाऊक आहे काय? हिशेबाची राखीव प्रत उघडून पाहिली आहे काय? कंपनी बंद पडल्यास आपले हिशेब परत मिळतील काय? पंच कमिटीच्या मासिक सभेत ही वही वाचावी. उपायाची प्रत्यक्ष परीक्षा झाल्यावाचून कोणतीही नोंद खोडू नये. आणि सचिव अथवा यंत्रणा बदलताच खोडलेल्या नोंदी पुन्हा तपासाव्या. जुन्या खतावणीतील बाकी नव्या यंत्रात चढविताना ती प्रत्येक सभासदास वाचून दाखवावी व त्याची सही अथवा अंगठा घ्यावा.

लहान संस्थेस हा व्याप झेपणार नाही, असे कोणी म्हणतील. परंतु यास एक वही व महिन्याकाठी अर्धा तास एवढाच खर्च आहे. उलट, एका चुकीच्या आकड्याने मुदतीत कर्ज फेडणारा गरीब खातेदार थकबाकीदार ठरला, तर त्याची व्याजसवलत जाते, नवे कर्ज अडते, आणि पाऊस त्याच्यासाठी थांबत नाही. यास्तव येत्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावे, "आपली जोखीमवही कोठे आहे?"