सैनिकास गाणे कशाला?

युद्ध म्हटले की तोफा, विमाने आणि जखमींचे तळ डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु विसाव्या शतकातील मोठ्या युद्धांत सैन्याच्या मागोमाग आणखी एक मंडळी चालत होती. तिच्या हाती शस्त्र नव्हते. कोणाजवळ पेटी, कोणाजवळ ढोलकी, तर कोणाजवळ नुसता गळा. इंग्लंडात तर १९३९ साली, महायुद्धाच्या आरंभीच, सैनिकांच्या मनोरंजनासाठी ‘एन्सा’ नावाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. ज्याच्या उशाशी मृत्यू बसलेला आहे त्यास गाणे कशाला, आणि त्यास गाणे ऐकवून परतलेल्या कलावंताचे आपण काय देणे लागतो, या दोन प्रश्नांचा विचार येथे योजिला आहे.

पहिल्या प्रश्नास आपल्याकडे एक ठरीव उत्तर मिळते. गाण्याने वीरश्री संचारते, म्हणून सैनिकास गाणे हवे. पोवाड्याची थोरवी आम्हांसही मान्य आहे. परंतु पोवाडा पराक्रमाच्या मागून जन्मतो, पुढून नव्हे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव या मराठा पलटणीतील शिपायाने आपल्या दोन जखमी सोबत्यांस, एकामागून एक, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणिले, आणि मग शत्रूच्या मशीनगनांवर तो एकटा चालून गेला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा वीर आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. त्याचे शौर्य कोणा गायकाने त्यास उसने दिले नव्हते. धैर्य शिपायापाशी असतेच. त्यास उणीव भासते ती दुसऱ्याच कशाची तरी.

ती कशाची, हे ब्रह्मदेशच्या आघाडीवरील एका प्रसंगावरून कळते. १९४१ च्या अखेरीस बीबीसीवर व्हेरा लिन या तरुण गायिकेचा, दूरदेशी गेलेल्या सैनिकांस उद्देशून, एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात घरचे निरोप असत आणि ताटातुटीची व पुनर्भेटीची साधी गाणी असत. लागलीच आक्षेप निघाला की असल्या हळव्या गाण्यांनी शिपायाचे मन मऊ पडेल. १९४२ मध्ये खुद्द बीबीसीनेही अतिभावुक गाण्यांवर निर्बंध घातले. पुढे १९४४ मध्ये हीच गायिका ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. दमट उष्मा, जंगलातील खडतर वाटा, आणि प्रवासाच्या हादऱ्यांनी बेसूर होणारा एक लहानसा पियानो, अशा थाटात ती उघड्या मैदानांत आणि इस्पितळांतील जखमींपुढे गायिली. सैनिकांनी तिच्यापाशी तीच हळवी गाणी मागितली. त्याच वर्षी कोहिमा व इंफाळ येथे जपानी सैन्याची आगेकूच मोडली गेली. गाण्याने लढाई जिंकली असे म्हणणे वेडेपणाचे होईल; परंतु गाण्याने शिपाई मऊ पडला नाही, एवढे तरी खास.

याचे कारण उघड आहे. सैन्यात मनुष्यास गणवेश मिळतो, क्रमांक मिळतो, हुकूम मिळतो. तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणत्या गावचा, हे विचारण्यास रणभूमीवर सवड नसते. घरच्या भाषेतील गाणे कानी पडताच हे सारे त्यास परत मिळते. आपण मारण्यासाठी जन्मलो नसून कोणाच्या तरी घरी परत जाण्यासाठी जगत आहो, हे ज्यास आठवते तो भित्रा होत नाही. तो माणूस राहतो.

आपल्या जिल्ह्यास हा विषय परका नाही. अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. पुढे १९०३ साली कंटिन्जंट हिंदी सैन्यात मिळविण्यात आली, आणि तिच्या घोडदळाचा वारसा सांगणारे डेक्कन हॉर्स हे पथक १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रावर लढले. कुठे मराठवाड्याचा माळ आणि कुठे तो चिखल! त्याच युद्धात जर्मनांच्या हाती पडलेल्या हिंदी कैद्यांचे आवाज बर्लिनजवळील व्युन्सडॉर्फच्या छावणीत तबकड्यांवर उतरवून घेण्यात आले. त्यांत कहाण्या आहेत, तशीच गाणीही आहेत. गायक जवळ नसला तर शिपाई स्वतःच गातो. कारण गाणे ही त्याची चैन नव्हे, गरज आहे.

स्वतंत्र भारतात ही गरज १९६२ च्या चीन-युद्धाने सर्वांच्या ध्यानी आणून दिली. त्यानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत गायिले. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्र यांची. त्या गीताचा प्राण सूड नसून स्मरण आहे, म्हणूनच ते अद्याप टिकून आहे. पुढे १९७१ चे युद्ध संपताच लताबाई सुनील दत्त यांच्या मंडळीबरोबर बांगलादेशात गेल्या आणि सैन्याच्या विमानांतून ठिकठिकाणी जाऊन त्यांनी कार्यक्रम केले.

लताबाईंस देशाने डोक्यावर घेतले, आणि ते यथायोग्यच झाले. परंतु चीन-युद्धाच्या त्याच दिवसांत सीमेवरील जवानांपुढे आणखी एक मराठी कलावंतीण उभी राहिली होती. तिचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ साली पंढरपुरास जन्मलेली ही तमासगीरीण लहानपणीच पायांत चाळ बांधून वडिलांच्या फडात उभी राहिली. जत्रेजत्रेतून राहुट्या ठोकून ज्या लावण्यांवर तिने महाराष्ट्र डोलविला, त्याच तिने घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या जवानांस ऐकविल्या. राष्ट्रपतींकडून तिचा गौरवही झाला. पण अखेरचे दिवस हलाखीचे गेले. आजारपणातील खर्च लोकांच्या मदतीने भागवावा लागला. जानेवारी २००२ मध्ये तिने देह ठेविला. २००६ पासून महाराष्ट्र शासन तिच्या नावाने तमाशा-कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देते. हे स्तुत्य आहे. तथापि मृत्यूनंतर पुरस्कारास नाव मिळणे आणि जिवंतपणी औषधास पैसा मिळणे, यांत फार मोठे अंतर आहे.

कोणी म्हणेल, तमासगीर पोटासाठी नाचतो, त्यात देशसेवा ती कसली? आम्ही उलट विचारतो, शिपाई तरी पगार घेत नाही काय? पगार घेतल्याने त्याच्या सेवेचे मोल कमी होत नाही. उतारवयात त्यास निवृत्तिवेतन आहे, सैनिकी इस्पितळ आहे. वृद्ध कलावंतांस शासन मानधन देते हे खरे. परंतु जो कलावंत आघाडीवर जाऊन आला, त्याचे ते जाणे सेवा म्हणून कोठे तरी नोंदले जावे, आणि आजारपणी त्याच सैनिकी इस्पितळाचे दार त्यासही उघडे असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. संकटकाळी ज्यास आपण ‘देशाचा कलावंत’ म्हणून हाक मारतो, त्यास शांततेच्या काळी ‘नाच्या’ म्हणून हिणविणे हा कृतघ्नपणा होय.

विद्यार्थिमित्रहो, सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. म्हणून शेवटी तुम्हांस दोन शब्द. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांतील मुलगे आज सैन्यात आहेत. जत्रेत फड येईल तेव्हा कनातीबाहेर उभे राहून शिट्ट्या मारणाऱ्यांत तुम्ही असू नये. ढोलकीवर ज्याची बोटे पडत आहेत, तुणतुण्याची तार जो छेडीत आहे, त्याच्याकडे नीट पाहा, आणि खेळ संपल्यावर त्याचे नाव विचारून घ्या. तुमचा एखादा भाऊ उद्या दूरच्या बर्फाळ चौकीवर उभा असेल, तेव्हा त्यास घरची आठवण करून देण्यास असलाच कोणी तरी जाईल. तो परत येईल तेव्हा त्यास ओळखणारा एक तरी मनुष्य गावात असावा.