नवा गडी, जुनं राज्य

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा नियमित सीझन संपला की दुसऱ्या दिवशीच्या सोमवारला तिकडे 'ब्लॅक मंडे' म्हणतात. ३२ संघांपैकी ज्यांचं बिनसलं, त्यांचे मालक त्या दिवशी हेड कोचला नारळ देतात. काही आठवड्यांत नवा हेड कोच येतो, पत्रकार परिषदेत 'नवी संस्कृती' आणण्याचं वचन देतो आणि जुन्या कोचच्या हाताखालच्या माणसांची रवानगी सुरू होते. त्यात बहुतेक वेळा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरही जातो. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कारणही कुणी विचारत नाही. 'नवा गडी, नवं राज्य' एवढं म्हटलं की झालं.

माझं म्हणणं साधं आहे. संघाचं आक्रमण चांगलं चाललं असेल, तर केवळ हेड कोच बदलला म्हणून कोऑर्डिनेटर बदलणं हा मूर्खपणा आहे. आणि त्याची किंमत कोच मोजत नाही, क्वार्टरबॅक मोजतो.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा कोऑर्डिनेटर नेमका कोण, ते आधी सांगायला हवं. क्रिकेटमध्ये कोच पॅव्हेलियनमध्ये बसतो आणि मैदानातले निर्णय कॅप्टन घेतो. इथे तसं नाही. चेंडू आपल्याकडे असताना प्रत्येक खेळीआधी कुणीतरी ठरवतं की आता अकराही जणांनी कुठे उभं राहायचं आणि कुठे धावायचं. बऱ्याच संघांत हा 'कुणीतरी' म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. प्लेचं नाव त्याच्या कानात सांगितलं जातं आणि घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. तेवढ्या वेळात त्याने ते नाव ऐकायचं, बाकी दहा जणांना सांगायचं, समोरचा बचाव वाचायचा आणि चेंडू मागायचा.

ही नावं म्हणजे एक अख्खी भाषा असते, आणि ती लीगभर एकच नसते. डॉन कोरिएलच्या परंपरेत रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटांना आकडे असतात. बिल वॉल्शच्या 'वेस्ट कोस्ट' परंपरेत शब्दांची लांबच लांब आगगाडी असते. एरहार्ट-पर्किन्स पद्धतीत एका शब्दात पूर्ण कल्पना बसवलेली असते. एका भाषेत विचार करायला शिकलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेत ढकललं, तर तो आधी मनात भाषांतर करतो आणि मग खेळतो. धिप्पाड बचावपटू अंगावर धावून येत असताना भाषांतराला वेळ नसतो.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे ॲलेक्स स्मिथ. २००५च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या सात सीझनमध्ये त्याला सात कोऑर्डिनेटर मिळाले: मॅकार्थी, टर्नर, हॉस्टलर, मार्ट्झ, रे, मग रेंना २०१०च्या सीझनमध्येच काढल्यावर जॉन्सन आणि २०११मध्ये रोमन. पहिल्या वर्षी त्याचे टचडाउन पास १ आणि इंटरसेप्शन ११. दुसऱ्या वर्षी नॉर्व्ह टर्नरच्या हाताखाली दोन्ही १६-१६, म्हणजे गाडी रुळावर येत होती. तेवढ्यात टर्नर दुसऱ्या संघाचे हेड कोच होऊन गेले. पुढे खांद्याची दुखापत झाली, हे खरं. पण लोकांनी त्याला 'वाया गेलेला' ठरवलं ते दुखापतीमुळे नाही. दरवर्षी नवी भाषा शिकणारा मुलगा अडखळतो, याचंच त्यांना नवल वाटत होतं. २०११मध्ये जिम हार्बॉ आल्यावर त्याच माणसाने १७ टचडाउन पास दिले, फक्त ५ इंटरसेप्शन केली आणि संघ १३-३ झाला.

इथे कुणी म्हणेल, हार्बॉंनीही कोऑर्डिनेटर बदललाच की! बदलला, कारण ६-१०वर घसरलेल्या संघाच्या आक्रमणात राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोडकं बदलावं, याला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती चालतं इंजिन उतरवून ठेवण्याला.

आता उलटं उदाहरण बघा. २०१९मध्ये डॅलस काउबॉइज ८-८ राहिले आणि जेसन गॅरेट यांची हेड कोच म्हणून कारकीर्द संपली. पण त्याच सीझनमध्ये एकूण यार्डांत डॅलसचं आक्रमण लीगमध्ये पहिलं होतं. ते चालवत होते केलन मूर, वय ३१, कोऑर्डिनेटर म्हणून पहिलंच वर्ष. जानेवारी २०२०मध्ये माइक मॅकार्थी आले. हे तेच मॅकार्थी, स्मिथचे पहिले कोऑर्डिनेटर. ग्रीन बे पॅकर्सना त्यांनी सुपर बोल जिंकून दिला होता आणि तिथे ते बहुतेक काळ प्ले स्वतःच ठरवत. मूरना घरी पाठवून स्वतः सूत्रं हाती घेतली असती, तरी कुणी चकार शब्द काढला नसता. त्यांनी मूरना ठेवलं आणि प्ले-कॉलिंगही त्यांच्याकडेच राहू दिलं. मालक जेरी जोन्स यांनाही मूर हवे होते, हे गुपित नव्हतं. पण सल्ला कुणाचाही असो, तो योग्य होता.

पहिल्या पाच सामन्यांत डॅक प्रेस्कॉटने १,८५६ यार्ड फेकले. मग पाचव्या सामन्यात त्याचा घोटा मोडला आणि संघ ६-१०वर संपला. पुढच्या वर्षी तो परतला, त्याच माणसाकडे, त्याच भाषेत. ३७ टचडाउन पास, संघ १२-५, आक्रमण गुणांत आणि यार्डांत लीगमध्ये पहिलं. एवढ्या मोठ्या दुखापतीतून उठणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याच वेळी नवी वहीही पाठ करायला लावली असती तर? हा प्रश्न कुणाला पडला नाही, हेच मूरना ठेवल्याचं यश.

यावर आक्षेप आहेत, आणि ते फालतू नाहीत. पहिला आक्षेप: २०२३च्या सुरुवातीला मूर गेले, मॅकार्थी स्वतः प्ले ठरवू लागले आणि त्या वर्षी डॅलसने लीगमध्ये सर्वाधिक गुण केले. मग मूर हवे होते कशाला? अहो, पण तोवर मॅकार्थी तीन वर्षं त्याच संघात, त्याच खेळाडूंबरोबर बसले होते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्यांना पाहून कळलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळं फेकणं आणि तीन वर्षांनी निवडून बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप डेट्रॉइटचा. २०१८मध्ये मॅट पॅट्रिशिया यांनी जिम बॉब कूटर यांना कोऑर्डिनेटर म्हणून ठेवलं आणि ९-७चा संघ ६-१० झाला. खरं आहे. कोऑर्डिनेटर ठेवणं हा काही रामबाण उपाय नाही. पण वर्षाअखेर कूटर गेल्यावर काय झालं? पुढचा सीझन ३-१२-१. क्वार्टरबॅक स्टॅफर्ड त्यात अर्धा काळ जायबंदी होता हे धरलं, तरी कोऑर्डिनेटर बदलल्याने घर सावरलं, असं कुणी म्हणू शकणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: मान हेड कोचची कापली जाणार, मग माणसं त्याच्या पसंतीची नकोत का? हवीत. जबाबदारी त्याची, तर अधिकारही त्याचा. पण अधिकार असणं आणि तो पहिल्याच दिवशी गाजवणं यात फरक आहे. चांगलं काम करणारा माणूस केवळ 'आधीच्या साहेबाचा' म्हणून नकोसा होतो, तेव्हा त्यामागे खेळाचा विचार नसतो. उद्या हाच माझ्या खुर्चीवर बसेल, ही भीती असते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. नवा लीड येतो, जुना कोड न वाचताच 'सगळं नव्याने लिहू' म्हणतो आणि दोन वर्षांनी आपण होतो तिथेच येतो. फक्त आमच्याकडे त्यापायी कुणाची बरगडी मोडत नाही.

म्हणून मालकांनी मुलाखतीत 'तुमची संस्कृती काय' हे विचारणं बंद करावं. त्याऐवजी विचारावं: आमच्या आक्रमणाचे गेल्या सीझनचे सामने तुम्ही पाहिलेत का? त्यातलं काय ठेवाल? आमच्या क्वार्टरबॅकला कोणती भाषा येते? कोऑर्डिनेटरला ठेवलंत तर प्ले तो ठरवणार की तुम्ही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं, कारण नावापुरता ठेवलेला कोऑर्डिनेटर हा काढलेल्यापेक्षा वाईट. आणि ज्या उमेदवाराने ते सामने पाहिलेलेच नाहीत पण आपली सगळी माणसं बरोबर आणायचा ज्याचा आग्रह आहे, त्याला चहा पाजून परत पाठवावं.